न्यूयॉर्क सावर: व्हिस्कीवर रेड वाइनचा थर घरी कसा बसवायचा

चमचापाठ

व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि सगळ्यात वर रेड वाइनचा बोटाच्या नखाएवढा थर. याला न्यूयॉर्क सावर म्हणतात (सावर म्हणजे दारू, आंबट रस आणि साखर यांचं पेय). नाव न्यूयॉर्कचं असलं तरी १८८० च्या दशकात शिकागोच्या बारमध्ये अशी वाइन व्हिस्की सावरवर सोडत आणि तिला 'क्लॅरेट स्नॅप' म्हणत. पुढे कॉन्टिनेंटल सावर, सदर्न व्हिस्की सावर अशी नावं बदलत आजच्या नावावर गाडी थांबली. रेड वाइन आणि व्हिस्की एकत्र आणणारं याहून नीटस पेय माझ्या मते नाही, म्हणून हा धागा.

एका ग्लासाचं माप:

व्हिस्की (बर्बन किंवा राय) ६० मिली
ताजा लिंबाचा रस ३० मिली
साधा पाक २२.५ मिली
रेड वाइन १५ मिली
अंड्याचं पांढरं १५ ते २० मिली (ऐच्छिक)

आधी पाक. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी. साखर विरघळण्यापुरतंच गरम करायचं, उकळायचं नाही. एकतारी पाक इथे अजिबात नको, कारण उकळून पाणी किती उडालं याचा अंदाज राहत नाही आणि सगळं माप कोलमडतं. यातून साधारण १६० मिली पाक मिळतो. स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला किंवा वर तवंग आला की फेकून द्यायचा.

ग्लास ३०० ते ३५० मिलीचा, सरळ भिंतीचा, बुटका. त्यात बर्फाचा एकच मोठा, चार-पाच सेंमीचा ठोकळा. शेकरमध्ये (पेय हलवायचं झाकणाचं भांडं) व्हिस्की, रस, पाक आणि सहा-आठ बर्फाचे तुकडे घालून १२ ते १५ सेकंद जोरात हलवायचं. शेकर बाहेरून पांढरट व्हायला लागला, हात गारठला की थांबायचं. मग आधी स्प्रिंगच्या गाळणीतून आणि तिच्याखाली चहाची बारीक गाळणी धरून ग्लासातल्या ठोकळ्यावर गाळायचं. शेकरमधला वापरलेला बर्फ ग्लासात टाकू नका. तो ओला आणि तुटका असतो, वितळायला आतुर असतो.

आता वाइन. लोकांचं इथेच बिघडतं, कारण सरळ बाटलीतून ओततात. भरलेल्या बाटलीतून गडगड आवाज करत एकदम चाळीस-पन्नास मिली येते आणि थर फुटतो. १५ मिली वाइन आधी चोचीच्या छोट्या भांड्यात मोजून घ्या. चमचा पालथा धरा, त्याचं टोक बर्फाच्या ठोकळ्याला किंवा ग्लासच्या आतल्या भिंतीला अगदी पृष्ठभागालगत टेकवा. चमच्याच्या पाठीवर बारीक धार सोडा. १५ मिली ओतायला १० ते १५ सेकंद लागले पाहिजेत. धार दोन सेंमीहून उंचावरून पडली की ती थराला भोक पाडून खाली जाते.

ठोकळा मोठा का? ग्लासचं तोंड ८ सेंमीचं असेल तर पृष्ठभाग सुमारे ५० चौ. सेंमी. त्यावर १५ मिली वाइन पसरली तर जेमतेम ३ मिमीचा थर होतो. ५ सेंमीचा ठोकळा मधली २५ चौ. सेंमी जागा अडवतो, म्हणून तीच १५ मिली वाइन ६ मिमी जाड दिसते. म्हणजे थर जाड हवा तर वाइन वाढवण्याआधी बर्फ मोठा करावा.

स्ट्रॉ नको, ढवळणं नको. ओठाला आधी वाइन लागते आणि तिच्यामागून गार, आंबट व्हिस्की येते. ही क्रमवारीच या पेयाचा जीव आहे.


नवा_शेकर

छान धागा, वाचनखूण साठवली. एक अडचण. वाइन तरंगतच नाही. चमच्याच्या पाठीवरून, हळूच, सगळं सांगितल्याप्रमाणे. तरी लाल रंग धुरासारखा खाली उतरतो आणि तळाशी जाऊन बसतो. बदल एकच: साखर टाळायची म्हणून पाकाऐवजी स्टीव्हियाचे थेंब. बाकी व्हिस्की, रस, बर्फ तेच.


घनसार

@नवा_शेकर, तुमचा हात ठीक आहे, थेंबांनी घात केला.

वाइन वर राहते ती खालचं मिश्रण तिच्याहून जड असतं म्हणून. मग जड काय आणि हलकं काय ते पाहू. १ मिलीचं वजन धरा: ४० टक्क्यांची व्हिस्की सुमारे ०.९५ ग्रॅम, म्हणजे पाण्याहूनही हलकी. लिंबाचा रस १.०३. समभाग पाक १.२३. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन ०.९९ च्या आसपास. शेकरमध्ये बर्फाचं साधारण ४० मिली पाणी होतं, ते १.

धाग्यातल्या मापाने: व्हिस्की ५७ ग्रॅम, पाक २७.७, रस ३०.९, पाणी ४०. एकूण १५५.६ ग्रॅम, आकारमान १५२.५ मिली. म्हणजे मिलीला १.०२. वाइन ०.९९. आरामात तरंगते.

पाक काढून टाका: १२७.९ ग्रॅम, १३० मिली. मिलीला ०.९८. आता वाइनच जड ठरली, ती बुडणारच. चमचा कितीही अलगद धरा. स्टीव्हियाचे थेंब जिभेला गोड लागतात पण वजन देत नाहीत. या ग्लासात साखर दोन कामं करते: लिंबाला आवरते आणि वाइनला पेलून धरते.

१० मिली पाकावर घनता जेमतेम १.००१ होते. म्हणजे थर बसतो, पण ग्लास उचलताना जरा हिंदकळला की मोडतो.


नवा_शेकर

कळलं. साखर कमीत कमी किती ठेवून थर राहील?


घनसार

पाक १२ मिली, रस २० मिली, व्हिस्की ६० मिली. घनता १.००३ येते. सुमारे ७ ग्रॅम साखर, मूळ मापात जवळपास १४ ग्रॅम आहे. थर बसेल, मात्र धार आणखी बारीक हवी. ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, टोक भिंतीला लावून सोडा. चव जास्त कोरडी आणि व्हिस्कीकडे झुकलेली लागेल.

दाट पाक (दोन भाग साखर, एक भाग पाणी) वापरणाऱ्यांनी २२.५ ऐवजी १५ मिली घ्यावा. साखर जवळपास तेवढीच पडते, पाणी कमी पडतं.


तुरट

वाइन कोणती, यावर सविस्तर लिहितो, कारण 'कुठलीही लाल चालते' हे बरोबर नाही.

तीन गोष्टी बघायच्या: तुरटपणा, रंग आणि उरलेली साखर.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. ओकच्या पिंपातली व्हिस्कीही थोडे टॅनिन घेऊन आलेली असते आणि आंबट रसासोबत तुरटपणा आणखी टोचतो. त्यामुळे तरुण, ओकचा भरपूर मारा असलेली काबर्ने सोव्हिन्यों इथे कडवट आणि खरखरीत लागते. मटणाबरोबर तीच वाइन उत्तम असेल, इथे नाही.

रंग. पिनो न्वार चवीला सुंदर, पण फिकट. ३-४ मिमीच्या थरात ती गुलाबी पाण्यासारखी दिसते.

साखर. गोड वाइन जड असते. पोर्ट वापरून पाहणारे बरेच असतात. पोर्टमध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यामुळे तिची घनता खालच्या मिश्रणाइतकीच भरते. ती धड तरंगत नाही, धड बुडत नाही, मधेच पसरून सगळं गढूळ करते.

उरतात त्या मालबेक, शिराझ (सिरा म्हणजे तीच), मर्लो, झिनफांडेल, ग्रेनाश. माझी पहिली पसंती मालबेक: गडद जांभळा-लाल रंग, जांभळा-प्लमसारखा फळांचा वास, तुरटपणा मवाळ. शिराझ घेतली तर मिरीसारखा तिखट वास येतो, तो राय व्हिस्कीला शोभतो.

महागडी बाटली यासाठी फोडू नका. पण बिघडलेली वाइनही लपत नाही. वरचाच थर असल्याने नाक थेट तिच्यावर जातं. व्हिनेगरचा वास आला की ती स्वयंपाकात घाला.


चमचापाठ

@तुरट, मर्लोबद्दल थोडा मतभेद. काही मर्लो इतक्या मऊ असतात की लिंबापुढे गायबच होतात. बाकी सहमत.

कुणीतरी विचारेलच म्हणून: वाइन आंबट असते तर रस कमी करावा का? नको. वाइनमध्ये लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास आम्ल धरलं तर १५ मिलीत ०.०९ ग्रॅम. ३० मिली लिंबाच्या रसात दीड ग्रॅमहून जास्त. तो फरक जिभेला कळत नाही.


साय

अंड्याच्या पांढऱ्याचा भाग राहिला, तो मी घेते.

पांढरं घातलं की पेयाला सायीसारखा मऊपणा येतो आणि वर दीड-दोन सेंमी घट्ट फेस धरतो. मग थर तीन होतात: खाली सोनेरी, मध्ये लाल, वर पांढरा. पुष्कळांना वाटतं वाइन फेसाच्या वर थांबेल. थांबत नाही. फेस म्हणजे बहुतांश हवा. वाइन त्यातून खाली उतरते आणि फेस व मिश्रण यांच्यामध्ये पसरते. तेच हवं असतं.

कृती: पांढरं, व्हिस्की, रस, पाक शेकरमध्ये बर्फाशिवाय १५ सेकंद. याला कोरडं हलवणं म्हणतात. सावधान: बर्फ असला की आतली हवा गार होऊन आकसते आणि शेकरचं झाकण आपोआप घट्ट बसतं. बर्फ नसताना तसं होत नाही, उलट फेस फुगून झाकण उडवतो. दोन्ही हातांनी दोन्ही बाजू दाबून धरा. मग बर्फ घालून पुन्हा १२-१५ सेकंद.

गाळल्यावर लगेच वाइन सोडायची नाही. २०-३० सेकंद थांबायचं. ग्लासच्या भिंतीतून पाहिलंत तर फेस वर सरकताना आणि त्याच्याखाली स्वच्छ रेषा उमटताना दिसते. ती रेषा दिसली की वाइन एकाच जागी, ग्लासच्या कडेजवळ, अगदी बारीक धारेने. फेसावर फिरवत ओतलीत तर फेसभर लाल डाग पडतात. एकाच जागी ओतल्यावर एक छोटा ठिपका राहतो, आणि त्याच्या खाली काही सेकंदांत लाल पट्टा ग्लासभर फिरतो.

फेस न धरण्याची कारणं:

पांढऱ्यात पिवळ्याचा अंश गेला. स्निग्धांश फेसाचा वैरी.
शेकरला तेलकट हात लागले किंवा साबण राहिला.
बर्फासकट एकदाच हलवलं, कोरडं हलवलंच नाही.
संत्र्या-लिंबाची साल थेट फेसावर पिळली. सालीतलं तेल बुडबुडे फोडतं. साल ग्लासच्या बाहेरच्या कडेवर पिळा, वास तितकाच येतो.

एका मोठ्या अंड्यात साधारण ३० मिली पांढरं निघतं, म्हणजे एका अंड्यात दोन ग्लास. ते बुळबुळीत असल्यामुळे मोजताना घसरून सगळंच पडतं. आधी काट्याने दहा-बारा वेळा हलकं मोडून घ्या, मग सहज मोजता येतं.

कच्च्या अंड्यातून साल्मोनेला होण्याचा धोका असतो. लिंबू किंवा दारूमुळे तो लगेच जातो असं समजू नका. गरोदर स्त्रिया दारूच घेणार नाहीत, पण वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चं अंडं टाळावं. पाश्चराइज केलेलं पांढरं मिळालं तर तेच वापरा. अंडं नकोच असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी, मीठ न घालता, २० ते २५ मिली. फेस छान येतो. चण्याचा वास पहिल्या घोटाआधी किंचित जाणवतो, लिंबाने झाकला जातो.


तुरट

@साय, एक पुस्ती. टॅनिन प्रथिनांना चिकटतात हे वर लिहिलंच. याच गुणावर वाइन बनवणारे अंड्याचं पांढरं घालून वाइनचा तुरटपणा उतरवतात, तिला निवळवतात. त्यामुळे पांढरं घातलेल्या सावरवर जरा तुरट वाइनही खपून जाते. बिनअंड्याच्या सावरवर मात्र मवाळच घ्या.


राई

व्हिस्कीबद्दल.

अमेरिकी नियमानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. त्यातून व्हॅनिला, कारमेलचा गोडवा येतो. रायमध्ये किमान ५१ टक्के राय हे धान्य. ती कोरडी, मसालेदार.

बर्बन आणि मालबेक: गोलसर, सगळ्यांना रुचणारं. राय आणि शिराझ: धारदार, मला जास्त आवडणारं. राय घेतली तर पाक २ मिली वाढवून बघा.

शक्य असेल तर ४५ ते ५० टक्क्यांची व्हिस्की घ्या. बर्फाचं पाणी, रस, पाक आणि वर वाइन एवढ्या गर्दीत ४० टक्क्यांची व्हिस्की दबते. मात्र जास्त तीव्रतेची व्हिस्की आणखी हलकी असते, म्हणजे घनसार यांच्या हिशेबात खालचा थर किंचित हलका होतो. पूर्ण पाक असेल तर अडत नाही.

धुरकट स्कॉच नको. पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर आणि वाइनमधली फळं यांचं जमत नाही, तोंडात औषधी चव राहते. धूर नसलेली ब्लेंडेड स्कॉच चालेल, पण थोडी सपक लागेल.


मोजमाप

जिगर (दारू मोजायचा छोटा पेला) नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याहून अचूक. शेकर काट्यावर ठेवा, शून्य करा: व्हिस्की ५७ ग्रॅम, रस ३१ ग्रॅम, पाक २८ ग्रॅम. दर वेळी पुन्हा शून्य. तोही नसेल तर १५ मिलीचा मोजचमचा: व्हिस्की चार, रस दोन, पाक दीड, वाइन एक.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली. काचेची बरणी बर्फासकट जोरात हलवू नका, बर्फाच्या टोकाने तडकू शकते.

लिंबाचं एक सांगायचं राहिलं. हे माप मोठ्या पिवळ्या लेमनचं आहे. छोटं कागदी लिंबू वापरलं तर रस जास्त धारदार आणि किंचित कडवट असतो. २२ ते २५ मिलीपासून सुरुवात करा. पिळताना सालीसकट चिरडू नका, पांढऱ्या गराचा कडूपणा उतरतो. रस त्याच दिवशी पिळलेला हवा. बाटलीतला टिकाऊ रस घातला तर पेय शिळं लागतं, त्यावर कुठलीही वाइन उपाय करू शकत नाही.


पाकसिद्धी

थोडं वेगळं मत मांडतो. थराचा एवढा आटापिटा का? वाइन शेकरमध्येच घातली तर चव सारखी मिसळते.


चमचापाठ

@पाकसिद्धी, मिसळते, आणि म्हणूनच मला पटत नाही. १५ मिली वाइन दीडशे मिलीत विरघळली की उरतो फक्त थोडा तुरटपणा. तिचा वास हरवतो. वर असताना तीच १५ मिली प्रत्येक घोटाच्या तोंडाशी असते.

रंगही जातो. वाइनचा लाल रंग, व्हिस्कीचा तपकिरी आणि रसाचा गढूळपणा मिळून विटकरी-गुलाबी काहीतरी होतं. अंडं असेल तर फेससुद्धा मळकट.

जाता जाता: वाइनचा लाल रंग आम्लात खुलतो आणि आम्ल गेलं की जांभळट-निळसर होतो. लिंबाच्या थराला टेकलेली वाइन जास्त भडक लाल दिसते ती त्यामुळेच. ग्लास धुताना साबणाच्या पाण्यात तोच रंग निळसर झालेला दिसेल.


पाकसिद्धी

रंगाचा मुद्दा मान्य. मिसळलेलंच आवडणाऱ्यांसाठी वेगळी वाट देतो, तिच्यात वाइनचा वास टिकतो: रेड वाइनचा पाक.

२०० मिली वाइन, २०० ग्रॅम साखर. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं आणि उतरवायचं. आटवून अर्धं करायचा मोह आवरा. आटवल्याने तुरटपणा आणि आम्लही दुप्पट होतं आणि फळांचा ताजा वास उडून जॅमचा वास येतो. लवंग-दालचिनी घालायची तर उतरवल्यावर घालून दहा मिनिटांनी गाळून टाका. फ्रीजमध्ये दोन आठवडे.

वापर: व्हिस्की ६० मिली, हा पाक १० मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे. बर्फात २५-३० सेकंद ढवळायचं, हलवायचं नाही, कारण रस नसलेलं पेय हलवलं की उगाच हवा शिरून धूसर होतं. मोठ्या ठोकळ्यावर गाळून संत्र्याची साल. ओल्ड फॅशन्डचा (व्हिस्की, साखर आणि बिटर्सच्या जुन्या कॉकटेलचा) हा लालसर भाऊ. यात कोणताही थर बसवायचा नसल्याने हाताचं कसब लागत नाही.

याच पाकाचे २२.५ मिली सावरमध्ये साध्या पाकाऐवजी घालता येतात. खालचा भाग गुलाबी होतो आणि वर वाइनचा गडद थर बसतो.


साय

गरम प्रकारही सांगा कुणीतरी.


पाकसिद्धी

१२० मिली वाइन, १५ ग्रॅम साखर, संत्र्याची एक चकती, दोन लवंगा. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे वाफा येऊ लागल्या पण उकळी नाही. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, त्यामुळे खळखळू दिलीत तर बरंचसं उडून जाईल आणि लवंगही कडू उतरेल. गॅस बंद करून मगच ३० मिली व्हिस्की घाला. पेटत्या आचेवर व्हिस्की ओतू नका, वाफ भडकते.


नवा_शेकर

आठ जणांसाठी आधी करून ठेवता येईल का? प्रत्येक ग्लास हलवत बसणं अवघड जाईल.


घनसार

येईल. फक्त हलवताना जे पाणी बर्फातून येतं ते हिशेबात धरून घालावं लागतं. नवखे हेच विसरतात आणि मग पेय जळजळीत लागतं.

आठ ग्लासांसाठी: व्हिस्की ४८० मिली, रस २४० मिली, पाक १८० मिली, पिण्याचं पाणी २४० मिली. एकूण १,१४० मिली, ग्लासाला साधारण १४० मिली. पाणी ३२० ऐवजी २४० घेतलं कारण ग्लासातला ठोकळाही वितळत राहील. घनता १.०२ च राहते, थराला अडचण नाही.

व्हिस्की, पाक, पाणी आदल्या दिवशी मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. रस त्याच दिवशी, दोन-तीन तास आधी घाला. ओतण्याआधी बाटली उलटी-सुलटी करा, गर तळाशी बसलेला असतो. अंडं मोठ्या मापात घालू नका, फेस टिकत नाही. ते हवं असेल तर ग्लासागणिक हलवावं लागेल.

वाइन १२० मिली वेगळी, चोचीच्या भांड्यात. प्रत्येक ग्लासात ऐन वेळी. आधी थर लावून ट्रेमधून नेऊ नका, चार पावलांत सगळं हिंदकळतं. ग्लास माणसासमोर ठेवा आणि तिथेच वाइन सोडा.


मोजमाप

प्रमाणाचंही बोलायला हवं. एका ग्लासात ६० मिली व्हिस्की (४० टक्के) आणि १५ मिली वाइन म्हणजे २६ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे २० ग्रॅम. लिंबू-साखरेमुळे ते जाणवत नाही, म्हणून ग्लास भराभर संपतो. दोन ग्लास म्हणजे १२० मिली व्हिस्की झाली, हे डोक्यात असू द्या. गाडी चालवायची असेल तर एकही नको. झोपेच्या किंवा शामक गोळ्या चालू असतील तरीही नको.

'वाइन आणि व्हिस्की मिसळली की जास्त चढते' असं म्हणतात. चढतं ते एकूण अल्कोहोल आणि पिण्याचा वेग यांमुळे, मिसळण्यामुळे नाही.


तुरट

उरलेल्या वाइनचं काय, हा प्रश्न राहतोच. ७५० मिलीत असे ५० थर होतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस ठीक. छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवा कमी लागते आणि जास्त टिकते. बर्फाच्या ट्रेमध्ये १५ मिलीचे खडे करूनही ठेवता येते. अल्कोहोलमुळे ते दगडासारखे कडक होत नाहीत, थोडे ठिसूळ राहतात. वितळवल्यावर तळाशी बारीक स्फटिक दिसले तर ते वाइनमधलंच टार्टारिक आम्लाचं क्षार आहे, निरुपद्रवी. वरची वाइन अलगद ओतून घ्या. खडा तसाच ग्लासात टाकू नका, तो वितळताना लाल ओघळ मिश्रणात उतरतात.

फ्रीजमधली वाइन वापरण्याआधी १५-२० मिनिटं बाहेर काढा. गारढोण असताना वासच येत नाही.


नवा_शेकर

पाकाने फरक पडला, १२ मिली घालून वाइन वर थांबली. धन्यवाद @घनसार. पण मधली रेषा धारदार नाही, लालपासून सोनेरीपर्यंत हळूहळू फिकट होत जाते. यात काही चुकतं आहे का?


घनसार

१२ मिलीवर घनतेतला फरक मिलीला जेमतेम ०.०१ ग्रॅम आहे, त्यामुळे रेषा थोडी धूसर राहणारच. १५ मिलीवर या, फरक लगेच दिसेल. आणि गाळल्यावर मिश्रण ग्लासात फिरत असतं. ते पूर्ण थांबेपर्यंत दहा सेकंद हात आवरा, मग वाइन सोडा.


चमचापाठ

आणि चमचा कोरडा नको. आधी वाइनमध्ये बुडवून घ्या. कोरड्या चमच्यावरून वाइन थेंबाथेंबाने टपकते, ओल्या चमच्यावर ती चादरीसारखी पसरून कडेने उतरते.